गोदावरीला आणायला

निजामाच्या मोगलाईत जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक मला दोन प्रश्न विचारतात. तिकडे बाईमाणसाला एकटीनं फिरता येतं का, हा पहिला. येतं, पुण्यात जितकं येतं तितकंच. तिकडचे लोक मराठी बोलतात का, हा दुसरा. त्याला मी हल्ली उत्तर देत नाही.

मी मुलींच्या कॉलेजात गणित शिकवते. माझ्या इंटरच्या वर्गात गोदावरी नावाची मुलगी होती. जालन्याच्या उत्तरेला टेंभुर्णी म्हणून मोठं गाव आहे, तिथल्या शेतकरी घरातली. ती 'जाऊन राह्यले', 'करून राह्यले' म्हणायची आणि वसतिगृहातल्या मुली तिच्या पाठीमागे तेच घोळवून घोळवून म्हणायच्या. गणिताचा पहिला पेपर तपासून झाला तेव्हा ते थांबलं. इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ डोक्याची मुलगी माझ्या वर्गात आली नव्हती. दिवाळीच्या थोडं आधी तिचे वडील अचानक आले आणि तिला घेऊन गेले. सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, ती आली नाही. पत्रांना उत्तर नाही. शेवटी नाताळची सुट्टी लागताच मी एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन निघाले.

मनमाड

मनमाडला मोठी गाडी सोडायची आणि हैदराबादकडच्या छोट्या गाडीत बसायचं. डबे लहान, बाकं अरुंद, आणि माणसं मात्र आपल्याकडल्यापेक्षा ऐसपैस. माझ्या शेजारच्या बाईनं माझं गाव, नाव, जात, नवरा कधी वारला, मुलं किती, हे सगळं पहिलं स्टेशन यायच्या आत विचारून घेतलं आणि मग आपल्या फडक्यातले धपाटे माझ्या हातावर ठेवले. पुण्यात शेजारीण वर्षभर काही विचारत नाही आणि काही देतही नाही.

हद्द ओलांडल्यावर करोडगिरीची माणसं चढली. करोडगिरी म्हणजे जकात. शिपायानं माझी ट्रंक उघडली, भूमितीचं पुस्तक घेतलं आणि शेवटच्या पानापासून उलटं चाळायला लागला, कारण त्याच्या वाचण्याची सुरुवात तिकडून होते. आकृत्या पाहून त्यानं ते ठेवून दिलं. मग दशम्यांचं पुडकं सोडलं. दशम्या मी वर्तमानपत्रात बांधल्या होत्या. त्यानं दशम्या अदबीनं माझ्या ओंजळीत दिल्या आणि वर्तमानपत्र घडी करून खिशात घातलं. "इधर मना है," तो म्हणाला. जालन्यापर्यंत मी दशम्या पदरात धरून बसले होते.

जालना

जालन्यात मी कन्हैयालाल शेटजींकडे उतरले. सरकी आणि कापसाचा मोठा व्यापार. कुटुंब मूळचं राजस्थानातलं, पण कितव्या पिढीत आले ते त्यांनाही सांगता येत नाही. आमच्या कॉलेजातल्या एका वर्गखोलीच्या दारावर त्यांच्या आईच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, तेवढीच ओळख. बाजरीची जाड भाकरी तुपात बुडवून वाढली आणि पापडाची भाजी. पापडाची भाजी करतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि ती इतकी चांगली लागेल असं वाटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, "शेटजी, पुण्यात खोली बांधून दिलीत. जालन्यात का नाही?"

"बाईसाहेब, इथं मी खोलीच काय, आख्खी इमारत देतो," ते म्हणाले. "जागा बी काढून ठेवल्ती, स्टेशनच्या रस्त्यावर. पण इमारतीत मास्तर बसवायचा म्हटलं की हैदराबादची परवानगी पायजे. मास्तर काय शिकवणार, कोणत्या जबानीत शिकवणार, त्याचे विचार काय, सगळं लिहून मागितलं. लिहून दिलं. मंग पुन्हा मागितलं. धर्मशाळा म्हणून अर्ज केला असता तर कवाच झाली असती."

"मग त्या जागेचं काय केलंत?"

"सरकी ठेवून राह्यलो तिथं," शेटजी म्हणाले आणि पानाचा डबा पुढे केला.

सकाळी मी ती जागा मुद्दाम पाहिली. चांगली ऐसपैस, चारी बाजूंनी कडुनिंब. सरकीचे ढीग फांद्यांपर्यंत गेले होते आणि त्यांवर शेळ्या चढल्या होत्या.

भोकरदन

टेंभुर्णीला सरळ जाण्यापेक्षा आधी भोकरदनला जा, असं शेटजींनी सुचवलं. गोदावरीचा थोरला भाऊ दिगंबर तिथल्या शाळेत असतो, तो गाडी जुंपून घरी नेईल. दिगंबरबद्दल मी गोदावरीकडून ऐकलं होतं. पुण्याचा बी.ए., इतिहास घेऊन, चांगल्या गुणांनी. शाळेत असतो म्हणजे मास्तर असणार, असं मी धरून चालले.

लढाईमुळे पेट्रोल नव्हतं. मोटार कोळशावर चालत होती. मागे शेगडीसारखी टाकी, आणि चढ आला की तिचा दम संपे. एका चढाला सगळे उतरले आणि ढकलू लागले. मीही उतरले. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई मला म्हणाली, "तुम्ही बसा बाई, तुमच्यानं काय व्हनार न्हाई." मी तरी ढकललं. भोकरदनला पोचले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि नाकावरही काहीतरी लागलं असावं, कारण पोरं वळून बघत होती.

शाळा केळना नदीच्या बाजूला, कौलारू. मी दारात उभी राहिले. आत जाजमावर पोरं ओळीनं बसली होती, नऊ-दहा वर्षांची. पांढऱ्या दाढीचे मौलवीसाहेब श्रुतलेखन घालत होते. आणि तिसऱ्या ओळीत, भिंतीकडे, एक उंच माणूस मांडी घालून बसला होता. कोट, टोपी, चष्मा. मांडीवर लाकडी पाटी. शेजारचं पोर त्याच्या कोटाच्या बाहीला टेकलं होतं.

मौलवीसाहेब ओळीतून फिरत त्याच्यापाशी थांबले, वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दिगंबरराव, ये ज़ाल नहीं. ज़्वाद."

त्यानं ओल्या फडक्यानं शब्द पुसला आणि अक्षर बदलून पुन्हा लिहिला.

मला वाटतं मी त्या दारातून तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण मौलवीसाहेबांनी मला पाहिलं. ओळख सांगितल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून माझ्यासाठी आणली आणि हात धुवायला पाणी मागवलं. मग पोरांकडे पाठ करून म्हणाले, "देखो बाईसाहेब. पुणे के बी.ए. हैं ये. मेरे सामने नीचे बैठते हैं तो मेरी गर्दन झुक जाती है. क्या करना, हुकुम है. ये परीक्षा नहीं तो नौकरी नहीं."

"मग नोकरी लागल्यावर ते काय शिकवणार?"

"हिसाब. उर्दू में." त्यांनी मागे पोरांकडे हात केला. "बच्चे मराठी, ये मराठी. मेरे को भी मराठी आती है, मेरी माँ इधर की ही थी. और सब मिल के उर्दू में जोड़ना सीख रहे." बोलताना त्यांना हसू आलं नाही. मलाही आलं नाही.

दिगंबर ती परीक्षा पुढे चांगल्या रीतीनं पास झाला, हे मला नंतर कळलं. आता तो तीर्थपुरीला असतो आणि शेतकऱ्यांच्या मुलांना उर्दूत त्रैराशिक शिकवतो. ती मुलं घरी जाऊन आपल्या बापाला तेच त्रैराशिक समजावून देऊ शकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तिकडे आठवड्याची सुट्टी जुम्म्याची. म्हणून त्याच दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही बैलगाडीनं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, मधूनमधून तुरीचे पिवळे पट्टे, वेचून झालेल्या कपाशीच्या काळ्या काड्या. ही जमीन आपल्या मावळातल्या जमिनीसारखी डोंगराआड लपत नाही; नजर जाईल तिथपर्यंत काळी, सपाट, आणि संध्याकाळी जांभळी होते. मी शेतांकडेच बघत होते, कारण दिगंबरकडे बघवत नव्हतं. शेवटी तोच बोलला.

"बी.ए. झालो तवा गावानं वेशीपासून वाजत आणल्तं. मंग नोकरीचा अर्ज केला. साहेब म्हणला, तुम्ही इथलेच, बराबर. डिग्री बी बराबर. पण उर्दू कुठाय? तवापासून बसून राह्यलो पोरांत."

"राग येत नाही?"

"येतो ना. पण आता ज़ आणि ज़ मध्ये चुकलो की जास्त येतो." बैलांना हाकारून तो पुढे म्हणाला, "चार ज़ आहेत बाई. उच्चार एकच."

टेंभुर्णी

घर मोठं, माणसांनी आणि जनावरांनी भरलेलं. गोदावरीच्या आईपुढे माझ्यामुळे एक अडचण उभी राहिली. मी बाई, म्हणजे मागून जेवायचं. पण मी मास्तरीण आणि पाहुणी, म्हणजे पुरुषांच्या पंगतीत. त्यात माझं कपाळ मोकळं. तिनं थोडा विचार केला आणि माझं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडलं, म्हणजे मी दोन्हीकडे होते. गरम भाकरी, करडईची भाजी, ठेचा आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ; ते पाण्यात सोडून उकळलं की अशी दाट, खमंग आमटी होते की भात आठवत नाही. गोदावरी वाढत होती. माझ्याकडे बघत नव्हती. वाटी भरली असतानाही पुन्हा आमटी घातली, तेवढंच.

सकाळी सगळे शेतावर हुरड्याला गेलो. आगटी पेटवली होती. वडील, किसनराव, स्वतः कणसं भाजून चोळून देत होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. थोडा बाजूला धाकटा मुलगा वसंता बसला होता. तो हैदराबादचा पदवीधर. विषय गणित, सगळं शिक्षण उर्दूतून. मी आपली, गणितवाला भेटला म्हणून त्याच्याशी बोलायला गेले. काय शिकलात, असं विचारलं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं तुरीची काडी घेऊन राखेत काटकोन त्रिकोण काढला.

"हा मुसल्लस," तो म्हणाला. "हा ज़ाविया क़ायमा. हा वतर."

आकृती बघून मला कळत होतं. पुढे त्यानं एक सिद्धता मांडली, आणि ती सुंदर होती. एकही पायरी वावगी नव्हती. गोदावरी हुरडा टाकून जवळ आली, वाकून बघू लागली आणि म्हणाली, "म्हंजी हायपोटेनूजवर लंब टाकला का तू?"

"कशावर?"

"ह्याच्यावर."

"वतर म्हण ना मंग."

दोघं बोलू लागले. दर शब्दाला थांबायचे, राखेवर बोट ठेवायचे, पुन्हा बोलायचे. आबा कणीस चोळायचे थांबले.

"बाई," ते मला म्हणाले, "ही दोघं एका ताटात जेवली. आता ह्याचं तिला कळंना, तिचं ह्याला कळंना. ह्या रेघंला मराठीत काय म्हणत्यात?"

"कर्ण."

"तुमच्या कॉलेजात तसं म्हणून शिकवत्यात का?"

मी म्हटलं, "शाळेत शिकवतात. कॉलेजात इंग्रजीतच."

"म्हंजी तुमच्याकडं बी न्हाई," आबा म्हणाले आणि पुन्हा कणीस चोळू लागले.

मी आले होते त्या कामाचं मग आबांनीच काढलं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं. वसंताला पुढं शिकायचं होतं. आबा त्याला घेऊन पुण्यातल्या एका कॉलेजात गेले. खुर्चीवरच्या गृहस्थांनी पदवी पाहिली आणि म्हणाले, ही उर्दूतली, ही आम्ही कशी धरायची? वसंता म्हणाला, मला सवाल घाला, मी सोडवून दाखवतो. ते म्हणाले, कोणत्या भाषेत सोडवणार? आणि शेजारी बसलेली माणसं हसली.

"मी तिथून उठलो तो सरळ पोरीच्या वसतिगृहावर आलो," आबा म्हणाले. "एक पोरगा पुण्याचा शिकला, तो इथं चालंना. एक हैदराबादचा शिकला, तो तिथं चालंना. आता पोरगी शिकवून कुठं चालवू, तुम्हीच सांगा."

मी बरंच काही बोलले. पुण्यात सगळेच तसे नाहीत, आमचं कॉलेज मुलींसाठीच काढलेलं आहे, तिथे तिची किंमत आहे. मी बोलत होते आणि आबा मान हलवत ऐकत होते, जसं आपण पाहुण्याचं ऐकतो. वसंता उठून बैलांकडे गेला होता. राखेतला त्रिकोण वाऱ्यानं विसकटत होता.

तेव्हा गोदावरी बोलली. मी आल्यापासून आबांशी तिचं पहिलं वाक्य तेच.

"आबा, दादाचं न्हाई चाललं. वसंताचं न्हाई चाललं. माझं अजून कुणी बघितलंच न्हाई."

आबांनी आगटीवर माती ओढली. आम्ही घरी आलो. दुपारभर गोदावरीची आई जात्याशी बसून दळत होती, आणि मध्येच जातं थांबवून नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या तिला. घरी बसून ती तशी बी इथं न्हाई." आबा बाहेर निघून गेले.

सकाळी पाहिलं तर गाडीत गवत अंथरलेलं, त्यावर घोंगडी, आणि गोदावरीची पेटी चढवलेली. आबा स्वतः गाडी हाकत जालन्यापर्यंत आले. स्टेशनवर गाडी आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "तुमच्या भरवशावर."

मी 'हो' म्हटलं. त्या परतीच्या प्रवासाचं काय सांगू. कोळशाची मोटार नाही, ढकलणं नाही. खिडकीतून आम्ही दोघी ज्वारीची शेतं मागे जाताना बघत होतो, आणि चुकलेले सगळे धडे मी मनात लावत होते. इतकी वर्षं शिकवते आहे, पण आपण काही केलं असं मला त्या दिवशी वाटलं.

पुणे

आमचे प्राचार्य चांगले वक्ते आहेत. मोगलाईतल्या मराठी बांधवांच्या भाषेची कशी गळचेपी होते, यावर त्यांचं व्याख्यान मी दोनदा ऐकलं आहे. दोन्ही वेळा लोकांनी डोळे पुसले होते. मी निघण्यापूर्वी त्यांना विचारलं होतं. "घेऊन या, मग बघू," असं ते म्हणाले होते. कॉलेज उघडलं त्या दिवशी सकाळीच मी गोदावरीला घेऊन त्यांच्या खोलीत गेले.

त्यांनी हजेरीपट मागवला आणि पाहिला.

"भरत नाही," ते म्हणाले.

"आपण म्हणाला होता, बघू."

"बघितलं. टर्म भरत नाही. मी एकीला सूट दिली की सगळ्या मागतील."

"आजारी मुलींना देतो आपण."

"ही आजारी होती का?" त्यांनी चष्म्यावरून गोदावरीकडे पाहिलं. "आजारी होतीस का गं?"

होय म्हणायचं होतं. तेवढ्या एका शब्दानं काम झालं असतं. त्यांनाही तेच हवं होतं, असं मला आजही वाटतं. ते कठोर नव्हते, त्यांना फक्त कागदावर लिहायला काहीतरी हवं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "आबांनी नेल्तं."

त्या 'न्हाई'ला प्राचार्य किंचित हसले. मग म्हणाले, जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसावं, काही हरकत नाही. वसतिगृहातली तिची खाट मात्र दिली गेली आहे, साताऱ्याच्या एका मुलीला. बोलता बोलता त्यांनी मला विचारलं, प्रवास कसा झाला, जालन्याच्या शेटजींची प्रकृती कशी आहे, दुसऱ्या खोलीबद्दल काही बोलले का.

मी दोन दिवस दारोदार फिरले. ज्यांच्याकडे गेले त्या प्रत्येकाला वाईट वाटलं. नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो मोडायचा अधिकार प्रत्येकाच्या मते दुसऱ्याकडे होता. त्या दोन दिवसांत गोदावरी माझ्या खोलीत बसून माझी पुस्तकं वाचत होती. जेवायला बोलावलं की यायची, जेवायची, ताट घासून ठेवायची. रडली नाही.

जूनमध्ये पुन्हा ये, मी स्वतः न्यायला येते, असं मी तिला म्हटलं. तिनं मान हलवली. आबांनी हलवली होती तशीच.

मनमाडला वसंता घ्यायला येणार होता. मी तिला पुण्याच्या स्टेशनवर बायकांच्या डब्यात बसवून दिलं. पेटी बाकाखाली सरकवली. गाडी सुटायला वेळ होता. बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी तिला मनमाडच्या हमालांबद्दल सांगत होते. तिनं मला मध्येच थांबवलं.

"बाई, तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी जन्मभर आबांवर चिडून राह्यले असते. आता आबाच बराबर निघाले."

शिट्टी झाली. तिनं खिडकीतून वाकून मला नमस्कार केला आणि आत जाऊन बसली. तिसरा तास माझा होता. मी टांगा करून वेळेवर पोचले आणि हजेरी घेतली.